५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टचे बोर्ड एकमेकांना जोडायचेत? आधी हे वाचा

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर नाही. डिप्लोमा मेकॅनिकलचा, नोकरी शिरोली एमआयडीसीत मेंटेनन्सला, आणि संध्याकाळी घरी आलं की टेबलावर अर्डुइनो, ईएसपी (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड) असले उद्योग. सगळं व्हिडिओ बघून शिकलोय, त्यामुळं जे व्हिडिओत कुणी सांगत नाही ते मार खाऊनच कळलं, आणि त्यातला सगळ्यात मोठा मार हा व्होल्टेजचा.

झालं असं की आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो, मोटर लावून विसरलं की टाकी भरून पाणी थेट खालच्या काकूंच्या वाळवणावर. म्हणून टाकीवर एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला आणि नोडएमसीयूला (ईएसपी८२६६ चिपचा वाय-फाय बोर्ड) जोडला. सेन्सरला ५ व्होल्ट, ट्रिग (मोज म्हणून सांगायचा पिन) डी५ ला, इको (उत्तर देणारा पिन) सरळ डी६ ला. आठ-नऊ दिवस एकदम भारी चाललं, मित्रांना मोबाईलवर टाकीची लेव्हल दाखवून कॉलर ताठ करून झाली. मग एक दिवस अंतर शून्य यायला लागलं. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, कोड तीनदा टाकला, शेवटी वैतागून इको दुसऱ्या पिनला लावला तर लगेच चालू. म्हणजे डी६ पिनच मेलेला. कामावर एक जुने इलेक्ट्रिशियन मामा आहेत, त्यांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "इकोवर किती व्होल्ट येत्यात बघितलंस का लगा?" बघितले नव्हते. "मग चालतंय म्हणून जोडत सुटलास व्हय."

तर हे तुमच्यावर येऊ नये म्हणून लिहितोय. तो बोर्ड अजून आहे, डी६ वर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय.

१. आधी दोन प्रश्न वेगळे करा

बहुतेक सगळा घोळ इथंच होतो. दोन वेगळ्या व्होल्टेजचे बोर्ड जोडताना प्रश्न एक नसतो, दोन असतात. पहिला, समोरचा पिन एवढं व्होल्टेज सहन करेल का. दुसरा, सहन केलं तरी त्याला ते "हाय" म्हणून कळेल का (हाय म्हणजे सिग्नल चालू, लो म्हणजे बंद). पहिल्याचं उत्तर चुकलं तर पिन जळतो, दुसऱ्याचं चुकलं तर काही जळत नाही पण प्रोजेक्ट कधी चालतं कधी नाही, आणि खरं सांगू का, हे दुसरं जास्त डोकं खातं.

आकडे बघा. अर्डुइनो उनो आणि नॅनोवर एटीमेगा३२८पी चिप असते, ती ५ व्होल्टवर चालते. तिला हाय कळायला सप्लायच्या ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्ट लागतात, आणि ०.३ पटीच्या खाली म्हणजे १.५ व्होल्टच्या खाली आलं की ते लो. मधलं जे आहे ते रामभरोसे. ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ दोन्ही ३.३ वर चालतात, त्यांना हाय कळायला ०.७५ पट म्हणजे साधारण २.५ व्होल्ट पुरतात, पण ३.६ च्या वर जायचं नाही. रास्पबेरी पायचे पिनसुद्धा ३.३ चेच, तिथं ५ व्होल्ट अजिबात देऊ नका, तो बोर्ड महाग आहे, रडू येईल.

आता कुणी म्हणेल की मी तर गेलं वर्षभर ५ व्होल्ट सरळ ईएसपीला दिलेत, काही झालं नाही. होतं असं. चिपच्या आत प्रत्येक पिनवर एक छोटा संरक्षक डायोड असतो, जादा आलेलं व्होल्टेज तो सप्लायकडं वळवतो. पण तो आहे स्थिर विजेचा क्षणभराचा झटका झेलायला, रोज रात्रंदिवस हमाली करायला नाही. माझ्या डी६ ने आठ-नऊ दिवस हमाली केली आणि मग बसला.

२. सामान काय लागेल

फार काही नाही. एक मल्टिमीटर, साधा चालेल पण पाहिजेच, तो नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी. रेझिस्टर २.२ के, ३.३ के, ४.७ के आणि १० के (के म्हणजे हजार ओहम), प्रत्येकी दहा-दहा घेऊन ठेवा, सुटे घ्यायला गेलं की दुकानदार तोंड वाकडं करतो. चार चॅनेलचं लेव्हल शिफ्टर मॉड्यूल (एका व्होल्टेजचा सिग्नल दुसऱ्यात बदलणारं), ज्यावर चार बारके मॉस्फेट, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे स्विच असतात, ते आपल्याकडच्या मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त मिळतं, दोन घ्या. एएमएस१११७-३.३ चं छोटं रेग्युलेटर मॉड्यूल, म्हणजे ५ चे ३.३ करून देणारं. एलईडी पट्टी चालवणार असाल तर ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ आयसी. आणि वर्कशॉपच्या २४ व्होल्टशी संबंध येणार असेल तर पीसी८१७ ऑप्टोकपलर.

कागदपत्रं म्हणाल तर फक्त डेटाशीट, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीची माहितीपुस्तिका. शंभर पानं असतात पण वाचायची दोनच जागी: कमाल मर्यादांचा तक्ता, आणि इनपुट हाय-लोच्या व्होल्टेजची ओळ. बाकीचं नंतर कधीतरी.

३. जोडायच्या आधी मीटर लावा

दोन्ही बोर्ड वेगवेगळे चालू करा, एकमेकांना न जोडता. मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर त्याच बोर्डच्या ग्राउंडला, लाल वायर जो पिन सिग्नल बाहेर सोडतो त्याला.

सिरियलचा (एकापाठोपाठ एक बिट पाठवून बोर्ड बोलतात ती पद्धत) टीएक्स, म्हणजे पाठवणारा पिन असेल तर सोपं आहे, कारण काही पाठवत नसताना ती लाईन हायच असते, म्हणजे मीटरवर सरळ ५ किंवा ३.३ दिसतं. आयटूसीच्या (दोन वायरींवर मॉड्यूल जोडायची पद्धत) एसडीए-एससीएल या वायरींचंही तसंच, रिकाम्या असताना हाय. या दोन्ही जागी मीटर खोटं बोलत नाही.

इकोसारख्या पिनवर मात्र मीटर फसवतो. मीटर सरासरी दाखवतो ना. समजा पाणी १ मीटर खाली आहे, तर इको पिन साधारण ५.८ मिलिसेकंद हाय राहतो, आणि तुम्ही सेकंदाला एकदाच मोजताय, तर सरासरी येते ०.०३ व्होल्ट. तुम्ही म्हणणार अरे हे तर काहीच नाही, जोडा सरळ. आणि प्रत्यक्षात दर वेळी पूर्ण ५ व्होल्टचा ठोका बसतोय. म्हणून अशा ठिकाणी मीटरवर नाही, मॉड्यूलच्या सप्लायवर जायचं: मॉड्यूलला ५ दिलेत तर त्यातून ५ च बाहेर येणार असं धरून चाला.

४. ५ कडून ३.३ कडं: दोन रेझिस्टरचं काम

सिग्नल एकाच दिशेनं जात असेल तर मॉड्यूलबिड्यूल काही नको, डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून घेणारे दोन रेझिस्टर, पुरतो. ५ व्होल्टच्या पिनकडून २.२ के, त्याचं दुसरं टोक ईएसपीच्या पिनला, आणि त्याच जागेवरून ३.३ के ग्राउंडला. हिशोब: ५ गुणिले ३.३ भागिले ५.५, बरोबर ३ व्होल्ट. ३.६ च्या आत आहे आणि २.५ च्या वर आहे, दोन्ही प्रश्न मिटले.

बऱ्याच ठिकाणी १ के आणि २ के सांगतात, ३.३३ येतात, तेही बरोबरच आहे, फक्त २ के आपल्याकडच्या दुकानात पटकन मिळत नाही असा माझा अनुभव. २.२ आणि ३.३ कुठंही मिळतात.

इथला कॉमन घोटाळा म्हणजे दोन रेझिस्टरची अदलाबदल. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये २.२ के म्हणजे लाल-लाल-लाल, ३.३ के म्हणजे नारिंगी-नारिंगी-लाल, आणि रात्री ट्यूबलाईटच्या उजेडात लाल-नारिंगी एकच दिसतं. उलटे लावले तर मधे २ व्होल्टच येतात. जळत काहीच नाही, पण ईएसपीला ते ना हाय ना लो, मग वाचन कधी बरोबर, कधी शून्य, कधी भलतंच. मी एकदा दोन संध्याकाळी यात घालवल्यात कोडमध्ये चूक शोधत. त्यामुळं रेझिस्टर लावायच्या आधी मीटरच्या ओहमवर मोजा, रंगावर विश्वास नको.

तपासायचं कसं, तर इकोची वायर काढा, तिच्या जागी सरळ ५ व्होल्ट द्या, ईएसपी अजून जोडू नका, आणि मधल्या जागेवर मीटर लावा. ३ च्या आसपास दिसलं की मगच ईएसपीचा पिन जोडायचा.

अजून एक, वीज वाचवायची म्हणून २२० के आणि ३३० के लावू नका. पिनवर आणि वायरवर थोडी कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) असतेच, मोठा रेझिस्टर तिला सावकाश भरतो, सिग्नलच्या कडा गोल होतात आणि वेगाचं सिरियल गडबडतं. काही हजार ओहममध्येच राहा.

५. ३.३ कडून ५ कडं: इथं जळत नाही पण अडतं

ईएसपीचा टीएक्स सरळ नॅनोच्या आरएक्सला (ऐकणाऱ्या पिनला) जोडला तर चालतो. ३.३ येतात, लागतात ३. फरक फक्त ०.३ चा, म्हणजे बस गाठली पण दारात लटकून. वायर छोटी असेल, टेबलावरचं काम असेल तर ठीक, शेतात मोटरच्या स्टार्टरशेजारी पेटी लावणार असाल तर यावर विसंबू नका.

पण हाच हिशोब सगळ्याला लावला की फसलात. ७४एचसी५९५ सारखी एचसी मालिकेतली आयसी ५ व्होल्टवर चालवली तर तिला हायसाठी ०.७ पट, ३.५ व्होल्ट लागतात. डब्ल्यूएस२८१२बी या रंगीत एलईडी पट्टीचंही तेच, ३.५. तुमचे ३.३ तिथं कागदावर तरी पोचतच नाहीत. गणपतीत मंडळाच्या कमानीला मित्रानं अशी पट्टी ईएसपी३२ वरून सरळ लावली होती, घरी टेबलावर मस्त चालली, मांडवात लांब वायर लावल्यावर मधेच हिरवी-जांभळी चमकायला लागली, पोरं म्हणाली हाच इफेक्ट भारी आहे राहू दे. तिथं निभावलं.

यावर उपाय एचसीटी किंवा एएचसीटी आयसी. आयसीच्या नावात शेवटी जो "टी" असतो तो महत्त्वाचा, तो जुन्या टीटीएल लॉजिकचा. या आयसी ५ व्होल्टवर चालतात आणि हायसाठी त्यांना फक्त २ व्होल्ट लागतात, त्यामुळं ३.३ आत गेलं की पूर्ण ५ बाहेर येतं. ७४एएचसीटी१२५ मध्ये चार चॅनेल असतात आणि प्रत्येकाला एक चालू-बंदचा पिन असतो, तो ग्राउंडला लावायचा, नाहीतर आउटपुट बंदच राहतं. दुकानात एचसीटी मागितलं आणि "एचसी घ्या, सेमच आहे" असं म्हणाले तर घेऊ नका. सेम नाही.

६. दोन्हीकडून बोलणारी लाईन: आयटूसी

आयटूसीमध्ये एकाच वायरवर दोघं बोलतात, तिथं डिव्हायडर चालत नाही. तिथं ते चार मॉस्फेटवालं मॉड्यूल. त्यावर बीएसएस१३८ मॉस्फेट आणि दोन्ही बाजूला १० के चे पुल-अप असतात, म्हणजे लाईनला सप्लायकडं ओढून हाय ठेवणारे रेझिस्टर.

आतलं काम समजलं की भीती जाते. मॉस्फेटला तीन पाय, गेट, सोर्स आणि ड्रेन, आणि गेटवरून तो चालू-बंद होतो. गेट ३.३ ला बांधलेलं, सोर्स ३.३ च्या बाजूला, ड्रेन ५ च्या बाजूला. दोघंही गप्प असतील तर गेट-सोर्समध्ये फरक नाही, मॉस्फेट बंद, आणि दोन्ही बाजू आपापल्या पुल-अपनं आपापल्या व्होल्टेजला. ३.३ वाल्यानं लाईन खाली ओढली की गेट-सोर्समध्ये ३.३ चा फरक, मॉस्फेट चालू, ५ ची बाजूही खाली. ५ वाल्यानं ओढली तर आधी मॉस्फेटच्या आतल्या डायोडमधून दुसरी बाजू खाली येते आणि मग मॉस्फेट पूर्ण चालू होतो. एवढंच. दिशा सांगायची गरजच पडत नाही.

जोडणी: एलव्हीला ३.३, एचव्हीला ५, ग्राउंड दोन्हीकडं, मग एलव्ही१ समोर एचव्ही१. एलव्ही-एचव्ही उलटं झालं की गेटवर ५ येतात आणि मग हे मॉड्यूल संरक्षण देत नाही, त्यामुळं सप्लाय लावून आधी चारही एलव्ही पिन मोजा, प्रत्येकावर ३.३ दिसलं पाहिजे.

हे मॉड्यूल आयटूसीला आणि ९६०० किंवा ११५२०० च्या सिरियलला मस्त. पण सिग्नल वर जातो तो १० के च्या जोरावर, त्यामुळं वेगाचं एसपीआय (मॉड्यूल जोडायची अजून एक पद्धत) किंवा वर सांगितलेली एलईडी पट्टी याच्यावर चालवायचा हट्ट धरू नका. टीएक्सबी नावानं आठ चॅनेलचं जे मॉड्यूल मिळतं ते वेगाला चांगलं पण आयटूसीला चालत नाही, पुल-अप बघून ते गोंधळतं.

आता लपलेला पुल-अप. ही गोष्ट कुणी सांगत नाही. १६ बाय २ एलसीडीच्या मागं जे आयटूसीचं पिल्लू असतं, किंवा डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल, यांच्यावर आधीच पुल-अप रेझिस्टर बसवलेले असतात आणि ते मॉड्यूलच्या सप्लायला बांधलेले असतात. मॉड्यूलला ५ दिलेत की एसडीए-एससीएलवर ५ आलेच, मग तुमचा ईएसपी कितीही ३.३ चा असू दे. डीएस३२३१ २.३ पासून ५.५ पर्यंत चालतं, त्यामुळं त्याला सरळ ३.३ द्या, विषय संपला, शिफ्टरच नको. एलसीडीला ३.३ वर अक्षरं नीट दिसत नाहीत, तिथं ५ द्या आणि मधे शिफ्टर लावा.

उलट बाजूनंही एक आहे. नॅनोवर वायर लायब्ररी (आयटूसीचा तयार कोड) चालू केली की ती चिपच्या आतले पुल-अप चालू करते, तेही ५ ला. म्हणजे बाहेर ५ चा पुल-अप लावला नाही तरी ३.३ च्या सेन्सरकडं बारीकसा ५ चा दाब जातोच.

७. सप्लाय आणि ग्राउंड

ग्राउंड एक करा. दोन बोर्ड, दोन चार्जर, मधे फक्त सिग्नलची वायर, आणि मग "डेटा कचरा येतोय" म्हणून रात्री दोनला मेसेज. व्होल्टेज म्हणजे दोन जागांमधला फरक, ग्राउंडच वेगळं असेल तर ३.३ कशाच्या मानानं ३.३?

उनोच्या ३.३ पिनवर ईएसपी चालवू नका. त्या पिनची मर्यादा ५० मिलिअँपिअर, आणि ईएसपी८२६६ वाय-फायवर पाठवताना क्षणभर ३०० च्या वर ओढतो. मग बोर्ड सारखा रीसेट होतो आणि आपण लेव्हल शिफ्टरला शिव्या घालतो. एएमएस१११७ लावा, त्याच्या आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि इनपुटला खरे ५ व्होल्ट पोचतायत का बघा, कारण त्याला स्वतःलाच १.१ ते १.३ व्होल्ट जास्त लागतात. पातळ यूएसबी केबलवर ४.५ पोचत असतील तर तो पूर्ण ३.३ देईलच याची खात्री नाही.

आणि एक भुताटकी: ईएसपीचा सप्लाय काढला तरी त्याचा एलईडी मिणमिणतोय. भूत नाही ते, नॅनो चालू आहे आणि तिच्या टीएक्समधून करंट त्या संरक्षक डायोडमार्गे ईएसपीत शिरतोय. डिव्हायडर असेल तर २.२ के तो करंट अडवतो, म्हणून मोठं काही होत नाही, सरळ वायर असेल तर पिन तापतो. शक्य असेल तर दोन्ही बोर्ड एकाच स्विचवर ठेवा.

८. वर्कशॉपचे २४ व्होल्ट

कोल्हापुरात हे वाचणाऱ्यातले निम्मे तरी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं कुठंतरी मशीनवर असणार, त्यामुळं हे आलंच. मशीनवरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सांगणारा) ईएसपीला जोडून जॉब मोजायचे असतात. तपकिरी वायर २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी सिग्नल. पीएनपी सेन्सर असेल तर काळ्या वायरवर सरळ २४ येतात. इथं डिव्हायडरनंही आकडा बसवता येतो, पण मी बसवत नाही. कॉन्टॅक्टर पडला-उचलला की त्या लाईनवर काय काय उड्या मारतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि एक ग्राउंड सैल झाला की २४ थेट बोर्डकडं निघाले.

म्हणून पीसी८१७. आत एक एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर, मधे विजेचा संबंधच नाही, फक्त उजेड. काळी वायर ४.७ के मधून पिन १ ला, पिन २ निळ्या वायरला. दुसऱ्या बाजूला पिन ३ ईएसपीच्या ग्राउंडला, पिन ४ ईएसपीच्या इनपुटला आणि तिथूनच १० के ३.३ ला. २४ व्होल्टचा शून्य आणि ईएसपीचा ग्राउंड इथं जोडायचे नाहीत. हो, वरच्या मुद्द्याच्या एकदम उलट, कारण इथं मधे वायर नाही, उजेड आहे. दोन्ही ग्राउंड जोडले तर ऑप्टोकपलर लावून उपयोग शून्य.

४.७ के च का, तर मी पहिल्यांदा २.२ के लावला होता. करंट १० मिलिअँपिअर, चालतं झकास, पण रेझिस्टरमध्ये जवळजवळ पाव वॅट जळतो आणि माझा रेझिस्टर होता पाव वॅटचाच. पेटी उघडली तर तो तपकिरी पडलेला आणि बोट लावलं तर चटका. ४.७ के ला करंट ५ च्या आसपास आणि उष्णता ०.११ वॅट, निवांत राहतो.

सेन्सरसमोर धातू आला की ईएसपीचा पिन लो होतो, म्हणजे उलटं, ते कोडमध्ये सांभाळा. ईएसपी जोडायच्या आधी पिन ४ वर मीटर लावून सेन्सरसमोर पाना धरा: पाना लांब असताना ३.३, जवळ आणला की ०.२ च्या आसपास. दोन्ही आकडे दिसले की मग जंपर खोचा.